रहिमतुल्लाच्या पेटीबद्दल, आणि माझ्या बाकी मालमत्तेबद्दल

मी, रावजी शांताराम कारेकर, वय एकसष्ट, जातीने व धंद्याने सोनार, मूळ राहणार जैतापूर, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम नईम, मनामा, बहरीन, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि माझ्या मागे उभे राहून कोणी मला काही लिहायला लावत नाही. बायको स्वयंपाकघरातून सांगत असते, पण ते लग्नापासून चालू आहे. त्याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत. छातीत दोनदा कळ येऊन गेली. डिसेंबरात मुंबईला छाती उघडून शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. ज्याची छाती उघडायची नसते तो असे म्हणू शकतो.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मनामाच्या हूरा वस्तीत राहणारे आमचे स्नेही चंद्रशेखर गोगटे, हिशेबनीस, यांनी मला नमुना काढून दिला. त्यातले स्थावर, जंगम, तहहयात हे शब्द मी ठेवले आहेत. मधली जागा माझी आहे.

कलम १. जैतापूरचे घर व मागची नारळाची बाग ही स्थावर मिळकत पत्नी सौ. शेवंती हिला तहहयात. तिच्या पश्चात मुलगा जयप्रकाश व मुलगी सुरेखा यांना समान. सुरेखा पुण्यात सुखी आहे आणि तिला काही नको, असे जयप्रकाश परस्पर म्हणाला. तिला नको असेल तर ती स्वतः म्हणेल. भावाने बहिणीच्या वतीने उदार होऊ नये.

कलम २. बँकेतली शिल्लक, इथली आणि राजापूरची, सर्व शेवंतीची. जयप्रकाशने तिला जनाबियाच्या आपल्या बंगल्यात नेऊन ठेवण्याचा आग्रह धरू नये. तिथे दिवसभर एसीचा आवाज आणि शेजारी कोणाचे तोंड दिसत नाही. तिला नईममध्ये राहायचे असेल तर नईममध्ये, गावी जायचे असेल तर गावी.

कलम ३. सोनारकामाची हत्यारे, म्हणजे ऐरण, फुंकणी, सांडशी, तार ओढायची जंत्री, कानशी, सगळी पुतण्या तुकाराम याला. तो माझ्याच दुकानात बांगड्यांवर बसतो. हात चांगला आहे, पण घाई करतो. हत्यारे देताना हे त्याला ऐकवावे.

कलम ४. आजोबांच्या डबीतल्या लाल गुंजा नात स्मिता हिला. पूर्वी या बियांवर सोने तोलत, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बट आजोबा, व्हॉट इफ वन इज फॅटर?" इंग्रजीत विचारले म्हणून मी रागावलो. प्रश्न मात्र आमच्या घराण्यात आजवर कोणी विचारला नव्हता इतका चांगला होता.

कलम ५. जैतापूरचे शेजारी बाळाजी नार्वेकर यांनी गावभर केले की रावजी तिकडे अरबांना बॉम्ब करून देतो. त्यांना माझ्याकडून काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी द्यावी. ओठाला लावून फुंकली की शिट्टी वाजते. बोंब मारायला सोयीचे पडेल.

कलम ६. आता ज्या वस्तूंसाठी मुख्यतः हा कागद लिहीत आहे त्यांच्याकडे येतो. माझ्या घरी माडीवरच्या खोलीत काडतुसे भरण्याचे साहित्य आहे: हाताने दाबायची प्रेस, पुंगळ्यांचे साचे आणि बंदुकीची दारू तोलायचा काटा. बंदूक माझ्या मालकीची एकही नाही. सोनाराच्या घरात हे सामान कसे आले, हे वारसांना नीट माहीत नाही, म्हणून सांगतो.

मनामाच्या बाजारात रहिमतुल्लाचे शिकारीच्या व मासेमारीच्या सामानाचे दुकान आहे. त्याचे आजोबा कच्छहून इथे आले. तो इथलाच नागरिक. दर वर्षी जानेवारीत तो सिंधमध्ये नातेवाइकांकडे रानडुकरांच्या शिकारीला जातो. चौऱ्याहत्तर साली तो आमच्या पेढीवर आला, खिशातून दारूची पुडी काढली आणि म्हणाला, "कारीगर, इसको सोने के काँटे पे तौलेगा?"

मी म्हटले, "इथे पलीकडे भट्टी पेटलेली आहे. आधी बाहेर हो."

बाहेर फुटपाथवर उभ्या उभ्या त्याने दुखणे सांगितले. त्याची रायफल पहिली गोळी जिथे मारी तिथे तिसरी मारत नसे. विकतची काडतुसे एकसारखी नव्हती, म्हणून त्याने परदेशातून भरण्याचे सामान मागवले होते, पण दारू सारखी तोलणे त्याला जमत नव्हते. मला बंदुकीतले काही कळत नव्हते. पण एकसारखेपणा म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा बरे कळत होते. आमचा जन्मच त्यात जातो.

तिथून आमचे सुरू झाले. शुक्रवारी आम्ही दक्षिणेकडच्या वाळवंटात, त्याच्या ओळखीच्या एका शेखाच्या परवानगीने, शंभर वारांवर कागद लावून बसायचो. आधी रायफल बघितली. एक दिनारची नोट नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधून सरकवली तर अर्ध्यावर अडली. इथल्या दमट हवेने लाकूड फुगले होते आणि नळी तापली की त्याला टेकत होती. मग गोळ्या बाजूला पसरत. मी कानशीने लाकूड उतरवले. दुर्बिणीचे स्क्रू ढिले होते, ते घट्ट केले. नळीत तांब्याची पुटे बसली होती, ती काढायला चार शुक्रवार गेले. मग पुंगळ्या: एका लांबीच्या, एका वजनाच्या, वेगळ्या काढल्या. शेवटी दारू. पुस्तकात दिलेल्या प्रमाणाच्या खालच्या टोकापासून सुरू करायचे, चिमटी चिमटीने पुढे जायचे आणि रायफलला कुठले पसंत पडते ते बघायचे. प्रत्येक रायफलची आवड वेगळी. सुनेसारखे आहे, घरात आणल्यावर कळते.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्याने पाच गोळ्या मारल्या आणि कागदावर एकच भोक दिसले, कडा थोड्या फाटलेले. रहिमतुल्ला वाळूत बसून राहिला. म्हणाला, "रावजी, ये तो तूने अँगूठी बना दी." मला आयुष्यात पुष्कळांनी कारागीर म्हटले. ते तेवढे लक्षात आहे.

पुढे त्याच्या ओळखीच्या शिकाऱ्यांच्याही काडतुसांचे काम मी केले. दारू त्याच्या दुकानातून, परवाना त्याचा, हात माझा. नियम दोन. त्या खोलीत दिवा, निरांजन, उदबत्ती नाही. आणि भरलेली पेटी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवायची नाही, कारण तापलेली दारू जास्त जोर करते. असे बारा वर्षे चालले.

कलम ७. हे कलम शेवंतीसाठी आहे. पुढे कोणी, मुलांनी, सुनेने, नातेवाइकांनी, तिला या गोष्टीवरून एक शब्द बोलू नये. बोलणारा माझ्या मिळकतीतून बाद समजावा.

सोनाराच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि काट्याला कुंकू लागते. माझ्या आईने लावले, आजीने लावले. आमचा सोन्याचा काटा हातात दोरीने धरायचा. त्याला कुंकवाचे बोट लागले तर पुसता येते. दारूचा काटा निराळा. त्याची दांडी एका धारेवर, गारेच्या दगडात कोरलेल्या खाचेत तरंगते. दर दसऱ्याला तो डब्यात बंद असे आणि शेवंती डब्यावर बोट टेकवत असे. गेल्या वर्षी शिकारीचा हंगाम तोंडावर होता, काम घाईचे होते, काटा टेबलावर मांडलेला राहिला. तिने नियम पाळून त्या खोलीत दिवा लावला नाही. दिवा नाही म्हणून तिला वाटले, कुंकू तरी नीट लावावे. धातूवर कोरडे कुंकू बसेना, म्हणून खोबरेल तेलात कालवून दांडीच्या अगदी मध्ये लावले. देवाच्या कपाळी लावतात तसे.

मी दुसऱ्या दिवशी वरवर दिसणारे पुसले आणि कामाला बसलो. रिकामा काटा शून्यावर उभा होता. तो शून्यावरच उभा राहणार होता. खाचेत चिकटला होता. पारड्यात दारू जास्त पडली तरी दांडी उठत नसे, मग एकदम उठे, आणि उठली की दारू कमी झाली तरी खाली येत नसे. एका पुंगळीत कमी, दुसऱ्या पुंगळीत धोक्याइतकी जास्त. सोनार आईवर संशय घेईल पण शून्यावर उभ्या काट्यावर घेणार नाही. आमच्या जातीचे हे असे आहे.

डिसेंबरात शिकाऱ्यांच्या तक्रारी आल्या. एक म्हणाला गोळी वर जाते, दुसरा म्हणाला खाली जाते. गोळ्या आडव्या पसरल्या तर वारा किंवा लाकूड. उभ्या पसरल्या तर दारू. मी नळी पाहिली, स्क्रू पाहिले, नोट सरकवून पाहिली, पुंगळ्या मोजल्या. सगळे ठीक. उरली दारू. आणि दारू रहिमतुल्लाची.

मी त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होते, तरी म्हटले, "तू भेसळ करतोस. जुना सादळलेला डबा नव्या डब्यात ओततोस."

तो म्हणाला, "सोच के बोल, रावजी. दुकान में लोग खड़े हैं."

मी तेच पुन्हा बोललो, लोकांकडे तोंड करून. त्याने डब्याला झाकण लावले, डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "खलास."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी काडतुसे भरणे बंद केले, काटा डब्यात गेला. शिकाऱ्यांकडच्या पेट्या मी परत मागवल्या आणि एकेक काडतूस उकलून मोडले. खराब दारू म्हणून मोडले, पण मोडले. फक्त एक पेटी परत आली नाही. ती नोव्हेंबरातच रहिमतुल्लाने स्वतःसाठी नेली होती.

यंदाच्या खंडेनवमीला पूजेसाठी काटा काढला आणि खाच साफ करायला काडी घातली तर काडीच्या टोकाला लाल गाळ आला. मी बराच वेळ काडीकडे बघत बसलो. शेवंती दारात आली आणि तिनेही पाहिले. मी लपवू शकलो नाही. त्या दिवशी तिने हत्यारांची पूजा केली नाही आणि मीही तिला कर म्हटले नाही.

कलम ८. काडतुसे भरण्याचे सर्व साहित्य मी रहिमतुल्ला याला देतो. अट एकच: त्याच्याकडची ती पेटी, एकही काडतूस न उडवता, जयप्रकाशच्या हाती द्यावी. पेटी दिल्याशिवाय प्रेस मिळणार नाही.

ही अट का, ते सांगतो. त्या पेटीतले कुठले काडतूस बरे आणि कुठले जीवघेणे, हे वरून ओळखता येत नाही. जानेवारीत तो सिंधला जाईल आणि गाल लाकडाला टेकून घोडा ओढेल. मी निरोप पाठवायचे थांबलेलो नाही. फोन केला; नसीमा, त्याची मुलगी, माझे नाव ऐकून ठेवून देते. जयप्रकाश दुकानात गेला. तिथे हल्ली जावई बसतो. तो म्हणाला, अब्बा कोणाला भेटत नाहीत आणि पेटीबिटी मला माहीत नाही. एवढा ताठा! मी चार लोकांत बोललो हे खरे, पण माणसाने किती दिवस रुसावे? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसला हा माणूस. मी स्वतः जाणार नाही. त्याने मला खलास म्हटले आहे. पण प्रेसवर त्याचा फार जीव होता. त्या लोभाने तरी तो पेटी देईल.

येथवर लिहून मी सहीला ठेवले होते. पुढचे नंतर लिहिले आहे.

गोगट्यांना दाखवण्याआधी हा कागद मी शेवंतीला वाचून दाखवला. कलम आठ ऐकून म्हणाली, "अहो, हा कागद उघडणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही नाही गेलात तर? शस्त्रक्रिया बरी झाली, तुम्ही जगलात, कागद कपाटात. आणि तो माणूस तिकडे गोळ्या मारतोय. काय उपेग मग ह्या अटीचा?"

मी म्हटले, "मग मी काय त्याच्या पायऱ्या झिजवू?"

"झिजवा. सोनाराने कान टोचायचे असतात म्हणतात. आज सोनाराचे मी टोचते. उठा, शर्ट घाला."

ती स्वतः बरोबर आली. गोगट्यांनाही हूऱ्यात घरून घेतले, कारण रहिमतुल्लाचे घर तिथून जवळ, आणि कोणी तिसरा माणूस असला तर माझा आवाज चढत नाही असे शेवंतीचे मत आहे.

नसीमाने दार उघडले. म्हणाली, "अब क्या लेने आए हो, चाचा?" शेवंतीला पाहून ती बाजूला झाली, पण आत या असे म्हणाली नाही.

रहिमतुल्ला खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. उजव्या डोळ्याच्या जागी मिटलेली, आत गेलेली पापणी होती. गालावर निळे बारीक ठिपके होते, कातडीच्या आत. ते कशाचे, हे मला कोणी सांगावे लागले नाही. मी दारातच उभा राहिलो. माझ्या हातात हा कागद होता आणि कलम आठमध्ये मी जे जे लिहिले होते ते सगळे मला आठवले.

त्याने मान वळवून डावा डोळा माझ्याकडे केला. "कौन? रावजी?"

मी विचारले, "कब?"

"जनवरी में. पहली गोली पे बोल्ट फँसा. ठोक के खोला. दूसरी पे पीछे से फटा." तो हे अगदी साधेपणाने बोलला, रायफलचे दुखणे सांगायचा तसे. "कराची में आँख निकाली. अब दूसरी से भी धुँधला दिखता है."

"और पेटी?"

"बची हुई समंदर में डाल दी. किसी और के हाथ लगती तो?"

म्हणजे ज्या पेटीसाठी मी इतके दिवस जीव टांगणीला लावला होता, निरोप धाडले, अटी घातल्या, ती पेटी केव्हाच गेली होती. ज्याची मी जानेवारीत भीती बाळगत होतो ते मागच्या जानेवारीतच होऊन गेले होते.

बाजारात त्याने सांगितले होते की सिंधमध्ये स्टोव्हचा भडका झाला; त्याचे नाव निघाले की मी उठून जाई, म्हणून माझ्या कानी आले नव्हते. नसीमा म्हणाली, "मैं तो चिल्ला के सबको बताती. अब्बा ने क़सम दी."

"पुलिस पूछती गोली किसने भरी," रहिमतुल्ला म्हणाला. "तेरा वीज़ा जाता. फिर जयप्रकाश का. बहू, बच्ची, सब जहाज़ पे."

मी म्हटले, "मुझे तो बताना था. मेरे सामने क्यों नहीं आया?"

"आता तो तू ये मुँह देखता. फिर तू चुप रहता? तू?" त्याला हसू आले. "सारे मनामा में बोल आता."

ते खरे आहे. मी बोलून आलो असतो. जसे त्याच्याबद्दल खोटे बोलून आलो तसेच.

त्याने विचारले, "बारूद में क्या था?" मी तोंड उघडायच्या आत शेवंती पुढे झाली. तिचे हिंदी मोडके आहे. "बारूद में कुछ नहीं था, भाईसाब. काँटे में कुंकू था. दसरे का. मैंने लगाया था."

त्याने चेहरा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, "भाभी, खड़ी क्यों हो? बैठो." एवढेच. नसीमा मात्र आत निघून गेली आणि परत आली नाही. चहाही आला नाही. तिचा राग मला मान्य आहे. तिने तो ठेवावा.

मी त्याला म्हटले, उद्या सकाळी तुझ्या दुकानात उभा राहतो आणि त्याच लोकांना सांगतो की दारू चोख होती. त्याने हात हलवला आणि इथल्या अरबीत नाही म्हटले. "मफी. बोलेगा तो पूछेंगे, फिर निशाना क्यों बिगड़ा? फिर मेरी आँख देखेंगे. बात एक ही जगह पहुँचेगी. तू इधर है तब तक मफी."

म्हणून खालील कलम लिहीत आहे.

कलम ९. कलम आठ रद्द समजावे. ते मी खोडलेले नाही. त्यात मी रहिमतुल्लाला ताठर आणि लोभी म्हटले आहे, आणि कोणाबद्दल काय म्हटले ते वारसांना दिसावे. प्रेस, साचे आणि काटा जयप्रकाशने मोडीत घालावे. कोणाला वापरायला देऊ नये. रहिमतुल्ला या मृत्युपत्रान्वये काहीही घेत नाही. त्याने माझ्यासमोर तसे सांगितले. गोगटे म्हणाले, काही मिळत नसेल तर त्यांना साक्षीदार होता येईल.

माझ्या मृत्यूनंतर जयप्रकाशने मनामाच्या बाजारातल्या त्या दुकानात जावे. सकाळी जावे, गिऱ्हाईक असताना. तिथे मोठ्याने वाचावे: "रहिमतुल्ला यांची दारू चोख होती. त्यात कधीही भेसळ नव्हती. दोष रावजी कारेकर यांच्या काट्यात होता. त्यात रहिमतुल्ला यांचा डोळा गेला आणि त्यांनी मित्राचे नाव सांगितले नाही." हिंदीत वाचावे आणि इंग्रजीतही, म्हणजे कोणी समजले नाही असे म्हणायला नको. जयप्रकाशला याची लाज वाटेल. ती त्याने वाटून घ्यावी. वारसा हाच आहे. वाचण्याआधी त्याने बहरीनमधल्या आपल्या व्हिसाचे काय ते बघून घ्यावे. मला काळजी नाही, मेलेल्या माणसाला व्हिसा लागत नाही.

तोपर्यंत बाजार त्याला भेसळवाला म्हणत राहणार. मी जितकी वर्षे जगेन तितकी वर्षे. शेवंती देवापुढे माझ्या आयुष्यासाठी बसते आणि मी तिला थांबवू शकत नाही. पण डिसेंबरात मला भूल देतील तेव्हा काय मागावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

रावजी शांताराम कारेकर (सही)

साक्षीदार १. रहिमतुल्ला, राहणार हूरा, मनामा (सही)

साक्षीदार २. चंद्रशेखर गोगटे, राहणार हूरा, मनामा (सही)

ठिकाण: हूरा, मनामा, बहरीन. दिनांक: १६ नोव्हेंबर १९८६.

टीप: साक्षीदार क्रमांक एक यांची सही रेघ सोडून खाली उतरली आहे. रेघ कुठे आहे, हे त्यांनी मला विचारले आणि मी तिथे माझे बोट ठेवले, एवढीच मी मदत केली. सही त्यांचीच आहे. पुढे कोणत्याही कोर्टात कोणी तिच्यावर संशय घेऊ नये. मी एकदा घेतला आहे.